आगगाडीचा जीर्णोद्धार

छत्रपती संभाजीनगराहून, म्हणजे आमच्या जिभेवर अजून रेंगाळणाऱ्या औरंगाबादेहून, जालन्याकडे निघालेली आगगाडी शहर संपण्यापूर्वी मुकुंदवाडी नावाच्या लहानशा स्टेशनावरून जाते. मोठमोठ्या गाड्यांच्या खिजगणतीत हे स्टेशन नाही. त्या शिटी वाजवून पुढे निघून जातात. परंतु २०१९ साली पाऊस लांबला तेव्हा ह्याच स्टेशनाचे नाव परदेशांतील वृत्तपत्रांत छापून आले. मुकुंदवाडीच्या वस्तीतील मुले रिकामी भांडी घेऊन गाडीत चढत, शहराच्या मुख्य स्टेशनावर उतरून तेथील नळावर ती भरून घेत, आणि परतीच्या गाडीने पाणी घरी आणीत. जाऊन-येऊन सुमारे चौदा किलोमीटरांचा हा प्रवास होता. उतारूंच्या पायांत घागरी, उतारूंचा त्रागा, आणि गाडीस उशीर झाला तर शाळा बुडणार ती वेगळीच.

काही दिवसांपूर्वी आमच्या एका स्नेह्यापाशी आम्ही जुन्या आगगाड्यांच्या जतनाविषयी बोलत होतो. डोंगर खचून, आग लागून किंवा नुसत्या हेळसांडीने मोडकळीस आलेली रेल्वेची जुनी संग्रहालये आणि जुने मार्ग सरकारी पैशाने पुन्हा उभे करावेत की नाही, असा विषय होता. आम्ही "करावेत" ह्या पक्षाचे. स्नेह्याने आमचे बोलणे शांतपणे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "ज्या वस्तीतल्या मुलांस पाण्यासाठी आगगाडीत बसावे लागले, त्या वस्तीच्या करातून मेलेल्या आगगाड्यांचे कोडकौतुक करावयाचे काय?" ह्या प्रश्नास आमच्यापाशी तयार उत्तर नव्हते. प्रस्तुत लेख हा त्या उत्तराचा शोध आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. ह्या मासिकात पुस्तकांची परीक्षणे येतात. त्यांत रूळ आणि इंजिने कोठून आली, असे वाचकांस वाटेल. परंतु संग्रहालय हाही आमच्या मते एक ग्रंथच होय. त्यास कर्ता असतो, निवड असते, गाळलेला मजकूर असतो आणि छापील चुकाही असतात. आणि मोडलेल्या संग्रहालयाची दुरुस्ती ही त्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती. दुसरी आवृत्ती काढणाऱ्या संपादकाने मूळचे काय, नव्याने घातले काय आणि जुन्यातले वगळले काय, हे वाचकांस सांगितले पाहिजे, असा आपला नियम आहे. सरकारी पैशाने निघणाऱ्या आवृत्तीस हा नियम लागू का नसावा, हे आम्हांस समजत नाही. ह्या दृष्टीने जे काही आमच्या महाराष्ट्रात आणि बाहेर घडले आहे, त्याचे हे परीक्षण.

स्नेह्याच्या प्रश्नात पाणी आणि आगगाडी ह्यांचा जो झगडा आहे, तो नवा नाही. मुकुंदवाडीवरून जाणारा हा मार्ग हैदराबाद-गोदावरी खोरे रेल्वे ह्या नावाने १८९९ ते १९०१ ह्या काळात मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत चालू झाला. रूळ एक मीटर रुंदीचे होते. म्हणजे १८९९-१९०० च्या भीषण दुष्काळात ह्या मुलखात लोक अन्नावाचून तडफडत असताना येथे लोहमार्ग अंथरला जात होता. तो चालविणाऱ्या कंपनीचे नाव होते निजामाची गॅरंटीड स्टेट रेल्वे. ह्या 'गॅरंटीड' शब्दाचा अर्थ असा, की गाडी चालो वा न चालो, भागीदारांच्या पैशावरील व्याजाची हमी संस्थानच्या खजिन्याची. आणि खजिना म्हणजे शेवटी रयतेचा सारा. त्याच काळाच्या आगेमागे सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी ह्यांनी रेल्वेवरील ह्या उधळपट्टीची कठोर चिकित्सा केली, आणि पुढे रमेशचंद्र दत्त ह्यांनी आपल्या आर्थिक इतिहासात हाच मुद्दा मांडला: दुष्काळी देशास लोखंडाच्या वाटांपेक्षा पाण्याचे पाट अधिक हवेत. ह्यांच्याही पूर्वी सर आर्थर कॉटन ह्या इंग्रज स्थापत्यकाराने तेच सांगितले होते. त्याने धवलेश्वरमला बंधारा बांधून १८५२ पर्यंत पुरा केला तो ह्याच गोदावरीवर. आमच्या ह्या खोऱ्याच्या वाट्यास मात्र त्या वेळी बंधारा न येता रूळ आले.

आम्ही हा इतिहास सांगतो तो स्नेह्याच्या बाजूने. त्याचा प्रश्न भावनेचा नसून त्याच्या मागे शंभराहून अधिक वर्षांचा विचार उभा आहे. परंतु ह्याच इतिहासातून दुसरीही एक गोष्ट निघते, ती त्याच्या ध्यानात आली नसावी. जो लोहमार्ग रयतेच्या पैशाच्या हमीवर उभा राहिला, तो रयतेने एकदा विकत घेतलेलाच आहे. १९३० साली संस्थानाने तो रीतसर ताब्यात घेतला, पुढे तो भारतीय रेल्वेत आला, आणि १९६६ पासून तो दक्षिण-मध्य रेल्वेत मोडतो. एकोणीसशे नव्वदच्या दशकात मीटरचे रूळ उखडून रुंद रूळ पडले, मनमाडला गाडी बदलण्याची यातायात सरली आणि मराठवाड्याची एक जुनी मागणी पुरी झाली. त्याबद्दल कोणासही दुःख नाही, आम्हांसही नाही. परंतु आपण ज्याचे पैसे भरले, त्याचा हिशेब पाहावयाचा हक्क आपणांस असतो, आणि संग्रहालय म्हणजे हा हिशेब डोळ्यांना दिसेल अशा रीतीने मांडणे. ते उमरावांचे चित्रशाळेतले चोचले नव्हेत.

आता महाराष्ट्रातील सर्वांत ठळक प्रकरणाकडे वळू. नेरळ ते माथेरान हा सुमारे वीस किलोमीटरांचा दोन फुटी मार्ग नावाने संग्रहालय नसला तरी आमच्या मते तोच आपले खरे रेल्वे-संग्रहालय होय. फरक इतकाच, की ह्यातली वस्तू अजून हालते. सर आदमजी पीरभाई ह्यांच्या घराण्याने १९०४ मध्ये काम हाती घेऊन १९०७ साली पुरे केले. खर्च सोळा लाख रुपये, तोही खासगी. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन ह्यांनी हा मार्ग डोंगराच्या अंगावरून असा फिरविला, की दातेरी रुळाची मदत न घेता वीस फुटांस एक फूट अशा चढावर गाडी आपल्या बळाने वर जाते. वाटेत एकच बोगदा आहे. त्याच्या आखूडपणावरून त्यास विलायती चेष्टेखोरांनी एका चुंबनापुरता बोगदा म्हणून जे नाव दिले ते आजतागायत चालू आहे. कुटुंबांतून वाचल्या जाणाऱ्या मासिकात ह्याहून अधिक खुलासा करीत नाही.

२००५ च्या २६ जुलैच्या अतिवृष्टीत हा मार्ग जागोजाग वाहून गेला. सुमारे पावणेदोन वर्षांनी, शताब्दीच्या तोंडावर, २००७ साली तो पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरले म्हणून गाडी बंद ठेवण्यात आली. २०१९ च्या पावसाने पुन्हा वाताहत केली, आणि नेरळपासून संपूर्ण मार्गावर गाडी धावावयास २०२२ चा ऑक्टोबर उजाडला. म्हणजे वीस वर्षांच्या आत तीन वेळा मोडणे आणि तीन वेळा जोडणे. ह्या प्रत्येक वेळी पैसा सरकारी. आमच्या स्नेह्याच्या मापाने मोजले तर हा शुद्ध अपव्यय.

परंतु माथेरानास जाऊन पाहिले म्हणजे हे माप अपुरे पडते. त्या गावात मोटारीस बंदी आहे. मोटारी दस्तुरी नाक्यापाशी थांबतात आणि तेथून गावापर्यंतची वाट एकतर पायी, नाहीतर घोड्यावर, नाहीतर माणसाने ओढलेल्या रिक्षात बसून काटावी लागत आली आहे. गाडी बंद असली म्हणजे हौशी प्रवाशांचा विरस होतो, हे खरे. पण गावात राहणाऱ्याचे भाजी, धान्य, गॅसची टाकी हे सर्व कोणाच्या तरी पाठीवरून किंवा खांद्यावरून जाते, हे त्याहून खरे. माणसाने माणसास ओढण्याची ही रीत सहा महिन्यांत बंद करावी, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टात दिला. तो निकाल वाचून आम्हांस शरम वाटली. प्रजासत्ताकाची पंच्याहत्तर वर्षे पुरी झाल्यानंतर हे न्यायालयास सांगावे लागले! अशा गावात अमन लॉज ते माथेरान एवढा लहानसा टप्पा जरी चालू राहिला, तरी तो जुन्या वस्तूच्या जतनाबरोबर माणसाच्या पाठीवरचे ओझेही उतरवितो. जुने लोखंड राखणे आणि जिवंत माणसाची सोय पाहणे ही दोन कामे येथे एकाच रुपयात होतात.

ह्या दुरुस्तीचे संपादनाच्या दृष्टीने परीक्षण केले, तर आमचा अभिप्राय बराचसा अनुकूल आहे. डब्यांस हवेच्या दाबाचे ब्रेक आले, दरडीकडेच्या भिंती नव्याने बांधल्या गेल्या, रूळ आणि त्यांखालचे आडवे सांधे नवे झाले. काही जुन्याचे अभिमानी ह्यावर नाके मुरडतात. आम्ही त्यांच्याशी सहमत नाही. ह्या ग्रंथाचा मूळ मजकूर म्हणजे त्या वाटेची वळणे होत. लाकूड आणि खिळे हा कागद. कागद कुजला तर बदलावाच लागतो. उद्या कोणी वेळ वाचविण्यासाठी चार वळणे कापून मार्ग सरळ करू म्हणाला, तर मात्र तो पाठभेद नसून प्रक्षेप होईल, आणि त्यास आमचा विरोध राहील.

आमची तक्रार निराळी आहे. ह्या मार्गावर आरंभी ऑरेनश्टाइन आणि कोपेल ह्या जर्मन कारखान्याची चार वाफेची इंजिने होती. त्यांतील एक दिल्लीच्या संग्रहालयात गेले, एक इंग्लंडात हौशी मंडळींच्या हाती पडले, एक माथेरानच्या स्टेशनाबाहेर उभे आहे. इंग्लंडातल्या मंडळींनी आपल्या इंजिनावर वर्षानुवर्षे हात काळे केले. आपल्याकडे इंजिन चौथऱ्यावर चढले, की त्याचे नशीब रंगाऱ्याच्या स्वाधीन होते. लाल, पिवळा, निळा असे थरांवर थर बसत जातात, आणि जे यंत्र धुराने व तेलाने काळे असावयाचे ते एखाद्या वरातीच्या घोड्यासारखे दिसू लागते. पाटीवर वजन, साल आणि कारखान्याचे नाव असते. त्याच्या पोटात फावड्याने कोळसा कोण लोटीत असे, त्याचा पगार किती, पावसात चाके घसरू लागली म्हणजे तो काय करी, ह्याविषयी अक्षर नसते. पेंढा भरलेल्या वाघास पाहून कोणास अरण्य कळत नाही, तसेच हे.

नागपुरात मोतीबागेस अरुंद रुळांचे संग्रहालय २००२ च्या डिसेंबरात उघडले. त्या वेळी सातपुड्यातील अरुंद रुळांच्या गाड्या चालू होत्या; नागपुराहून छिंदवाड्यास आणि नागभीडला लोक त्यांतून रोज जात होते. पुढे छिंदवाड्याची गाडी २०१५ च्या अखेरीस आणि नागभीडची २०१९ च्या अखेरीस बंद झाली, कारण तेथे रुंद रूळ घालावयाचे होते. म्हणजे जिवंत माणसाची तसबीर आधी भिंतीवर लागली आणि मरण नंतर आले. ह्यात दूरदृष्टी होती हे आम्ही मान्य करतो; मेल्यावर वस्तू गोळा करण्यापेक्षा जिवंतपणी केलेल्या बऱ्या. परंतु हीच दूरदृष्टी वऱ्हाडात कोणास सुचली नाही. यवतमाळ, मूर्तिजापूर, अचलपूर ही गावे जोडणारी शकुंतला १९९४ पर्यंत मँचेस्टरच्या इंजिनाने, वाफेवर, धावत होती. कापसासाठी जन्मलेली ही गाडी शेवटी गरिबांची गाडी होऊन राहिली. बसच्या भाड्याहून तिचे भाडे कितीतरी कमी. गेल्या दशकात तिच्या फेऱ्या थांबल्या. ती पुन्हा चालू व्हावी म्हणून वऱ्हाडातील लोकांनी मागण्या केल्या, सत्याग्रह केले. माथेरानची गाडी तीनदा जोडली गेली आणि शकुंतला एकदाही जोडली गेली नाही, ह्याचे कारण आम्ही पुष्कळ शोधले. डोंगरावर हवा खावयास जाणाऱ्यांचा आवाज वर्तमानपत्रापर्यंत लवकर पोहोचतो, ह्यापलीकडे दुसरे सबळ कारण आम्हांस आढळले नाही.

बाहेरच्या जगातले एक उदाहरण येथे उपयोगी पडेल. जर्मनीत न्युरेंबर्ग येथे रेल्वेचे जुने संग्रहालय आहे. २००५ च्या १७ ऑक्टोबरास, म्हणजे माथेरानचा मार्ग वाहून गेला त्याच वर्षी, त्याच्या इंजिनघरास आग लागून चोवीस गाड्या जळाल्या. जळालेल्यांत 'आडलर', म्हणजे गरुड, ह्या नावाचे इंजिन होते. जर्मनीतील पहिली वाफेची गाडी १८३५ साली न्युरेंबर्गहून फ्युर्थला गेली ती ह्या नावाच्या इंजिनाने. पण गंमत अशी, की जळाले ते ते नव्हेच. मूळचे इंजिन एकोणिसाव्या शतकातच मोडीत निघाले होते. जळाली ती १९३५ साली शताब्दीसाठी केलेली प्रतिकृती. जर्मनांनी ती पुन्हा उभी केली, आणि २००७ साली आडलर पुन्हा रुळांवर आले. ह्यासाठी तेथील रेल्वेने, जिची मालकी सरकारकडेच आहे, पैसा दिला, आणि लोकांनीही वर्गणी दिली.

प्रतिकृतीचीही प्रतिकृती करण्यात काय अर्थ, असे कोणी म्हणेल. आम्हीही प्रथम तसेच म्हटले होते. परंतु विचारांती असे दिसते, की त्या लोकांनी इंजिनाहून मोठी एक वस्तू राखली आहे. मायनिंगेन नावाच्या गावी वाफेच्या इंजिनांचा एक कारखाना त्यांनी अद्याप चालू ठेविला आहे; तेथे बाष्पपात्रे करणारे, तांबे ठोकणारे, जुने नकाशे वाचणारे हात आहेत. आडलर तेथेच पुन्हा घडले. पैसा त्यांच्याही आधी आमच्याकडे आला असता तरी काय झाले असते, हा प्रश्न आम्ही स्वतःस विचारतो. आमच्याकडे परळचा कारखाना आहे. बार्शी लाइट रेल्वेच्या अरुंद रुळांवर वाढलेला कुर्डुवाडीचा कारखाना आहे. ज्या कुर्डुवाडीने पंढरीच्या वारकऱ्यांना वाहणाऱ्या गाड्या सांभाळल्या, तेथे आज जुन्या इंजिनाचे पितळी अवयव घडवू शकणारी जी वडीलधारी माणसे असतील, त्यांच्या हाताखाली उमेदवार बसविणे हे संग्रहालयाच्या खर्चात धरले पाहिजे. लोखंड जळाले तर पुन्हा ओतता येते. हातातले कसब गेले तर त्यासाठी कोणती निविदा काढणार?

खासगी दातृत्वाचा मार्ग सुचविणारेही पुष्कळ आहेत. भायखळ्याच्या स्टेशनाची जुनी इमारत अलीकडे अशाच दातृत्वातून, न्यासांच्या पैशाने, फार नेटकी दुरुस्त झाली, आणि तिला २०२२ साली युनेस्कोचे आशिया-प्रशांत पारितोषिकही मिळाले. ते काम उत्तम आहे. ज्यांनी केले ते धन्यवादास पात्र आहेत. परंतु मुंबईत दाते सापडतात. रोटेगावास, परतूरला, मुकुंदवाडीस कोण दाता येणार? जेथे श्रीमंत राहतात तेथलाच इतिहास राखावयाचा, असा नियम आपण नकळत करीत आहोत. सार्वजनिक पैसा हवा तो एवढ्यासाठीच.

तेव्हा पैसा द्यावा, हे आमचे मत कायम आहे; पण तो कसा द्यावा ह्याविषयी आमच्या जुन्या लोकांची समज आजच्या खात्यांपेक्षा अधिक होती, असे म्हणण्यावाचून गत्यंतर नाही. ह्या शहरापासून तीस किलोमीटरांवर वेरूळ येथे घृष्णेश्वराचे देऊळ आहे. होळकर घराण्यातील स्त्रियांनी अठराव्या शतकात त्याचा जीर्णोद्धार केला. त्या काळी जीर्णोद्धार हा शब्द उच्चारला, की त्याच्या पाठोपाठ दुसरे काही शब्द आपोआप येत: इनाम, वर्षासन, नंदादीप, नैवेद्य, गुरवाची नेमणूक. देऊळ बांधून कळस चढविला आणि दिवाबत्तीची सोय लावली नाही, तर ते काम अपुरे समजले जाई. रोजच्या वातीचे तेल कोठून येणार हे सनदेत लिहिलेले असे. त्या व्यवस्थेत दोष नव्हते असे नव्हे. इनामांचे पुढे काय झाले, कोणी गिळली, हे सर्वांस ठाऊक आहे. पण कळसाइतकीच वातही महत्त्वाची, ही जाण त्यांत होती.

आजच्या व्यवस्थेत सर्व पैसा कळसाचा. जुन्या मार्गाच्या किंवा संग्रहालयाच्या नावाने एक रकम मंजूर होते, ती मार्चअखेरपर्यंत खर्च न झाल्यास परत जावयाची, म्हणून फाल्गुनाच्या उन्हात घाईघाईने रंग लागतो, फरशी बसते, फीत कापली जाते. पुढच्या आषाढात कौल फुटले तर त्यासाठी हेड नाही. १९२४ पासून निराळा मांडला जाणारा रेल्वेचा अर्थसंकल्प २०१७ साली सर्वसाधारण अर्थसंकल्पात मिसळून गेला. त्यामुळे एवढ्या मोठ्या समुद्रात एखाद्या मोडक्या इंजिनघराचे थेंब शोधणे तर आणखीच कठीण झाले आहे.

रकमा नाहीत, असे मात्र कोणी म्हणू नये. २०२३ च्या ऑगस्टात ५०८ स्टेशनांच्या नव्या बांधणीचा मुहूर्त झाला, तेव्हा खर्चाचा अंदाज २४,४७० कोटी रुपये सांगण्यात आला. ह्या रकमेच्या हजारात एक भाग म्हणजे सुमारे साडेचोवीस कोटी. तेवढे बाजूस ठेवून त्यावर सहा टक्के व्याज धरले, तर दरसाल सुमारे दीड कोटी रुपये हाती येतात, आणि मुद्दल शाबूत राहते. हा आमचा पाटीवरचा हिशेब आहे. वित्तखात्याचे पंडित त्यात दहा दोष काढतील. परंतु दरवर्षी न चुकता येणारे दीड कोटी हे दहा वर्षांतून एकदा वाजतगाजत येणाऱ्या पंधरा कोटींपेक्षा जुन्या वस्तूस अधिक मानवतात, हे कोणत्याही वाड्याच्या मालकास विचारावे.

आता स्नेह्याच्या घागरीकडे परत येतो. ती आम्ही विसरलो नाही. मुकुंदवाडीस पाणी का नव्हते? जवळच पैठणला जायकवाडीचे धरण आहे. १९७६ पासून त्याचा नाथसागर मराठवाड्याच्या नकाशावर निळा दिसतो. पाणी धरणात होते आणि घागर गाडीत होती. शहराच्या जुन्या जलवाहिन्या फुटत राहिल्या, वस्ती वाढत राहिली, दुरुस्तीस पैसा पुरला नाही. २०२० साली १,६८० कोटींची नवी योजना आली. ती पुढे २,७४० कोटींपर्यंत गेली. ह्यात आणि फीत कापून विसरलेल्या संग्रहालयात आम्हांस एकच रोग दिसतो. नव्यास पैसा आहे. असलेल्यास तेल घालावयास नाही. संग्रहालयाचे दीड कोटी वाचविले म्हणून मुकुंदवाडीच्या नळास धार आली असती, असे त्या खर्चाच्या पद्धतीकडे पाहून वाटत नाही. जी तिजोरी इंजिनघराच्या कौलांकडे पाहत नाही, तीच नळाच्या सांध्याकडे पाहत नाही.

ह्याच शहराखालून मलिक अंबराने सतराव्या शतकात नहर फिरविली. पाणचक्की पाहावयास येणाऱ्या प्रवाशांस ती एक जुनी मौज वाटते. तिच्या भुयारी नळांनी पिढ्यान् पिढ्या शहरास पाणी पाजले, ते कोणी तरी खाली उतरून गाळ काढीत असे म्हणून. जुनी वस्तू आणि पिण्याचे पाणी ही तेथे दोन निराळी खाती नव्हती. तिच्या दुरुस्तीचा रुपया कोणत्या सदरात घालावा, ह्याचा विचार आमच्या स्नेह्याने अवश्य करावा.

आणि मुकुंदवाडीस काय द्यावे? तेथे चौथऱ्यावर आणखी एक रंगविलेले इंजिन नको. मीटरच्या रुळांच्या काळात ह्या मार्गावर काम केलेली माणसे आता सत्तरीच्या पुढे गेली आहेत: सांधेवाले, फाटकवाले, गँगमन, कोळसेवाले. धावत्या इंजिनातून वेताच्या कड्यात अडकविलेला गोळा झेलण्याची हातोटी ज्यांच्या मनगटांत होती, त्यांतील काही जण ह्याच परिसरात नातवंडांस खेळवीत बसलेले असतील. त्यांच्या तोंडून ते काम कसे चाले हे ऐकून लिहून घ्यावे. त्यांच्या मराठी, उर्दू, तेलुगू शब्दांसह लिहून घ्यावे, कारण निजामाच्या रेल्वेवर ह्या तिन्ही भाषा एकाच डब्यात बसत. स्टेशनाची एक खोली, दोन कपाटे, एक कायमचा लेखनिक, आणि उतारूंस पिण्याच्या पाण्याचा एक चालता नळ, एवढा खर्च आहे. त्या खोलीत २०१९ सालच्या त्या घागरींपैकी एखादी ठेवण्यासही आमची हरकत नाही. तीही ह्या मार्गाच्या इतिहासातलीच वस्तू आहे.

हे सर्व स्नेह्यास वाचून दाखविले. खोली आणि नळ ही कल्पना त्यास पटली, माथेरानविषयी त्याचा अर्धा संशय उरला, आणि व्याजाच्या हिशेबावर त्याचा मुळीच विश्वास बसला नाही. तो म्हणाला, आधी आजवरच्या तिन्ही दुरुस्त्यांचा खर्च बाबवार छापून आणा, मग बोलू. मागणी रास्त आहे. माथेरानच्या मार्गाची २००५ पासूनची जमाखर्चाची यादी, कोणती भिंत केव्हा बांधली आणि ती पुन्हा केव्हा पडली ह्यासह, खात्याने एकदा मराठीत प्रसिद्ध करावी. ती हाती आली म्हणजे ह्याच पृष्ठांवर तिचेही परीक्षण करू.